म्हसवडला जायचंय? आधी पंचांग बघा, मग एसटी

म्हसवड (ता. माण) : सातारा जिल्हा एकच, पण पावसाचा हिशेब दोन टोकांचा. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस कोसळतो, तर पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास आकडा गेला की साल चांगलं म्हणायचं. त्यामुळं पाटण-जावळीकडच्या माणसाला लागलेली सवय इथं उपयोगाची नाही. श्रावणात हिरवंगार बघायला जाऊ म्हणून कुणी गाडी काढली आणि दहिवडीच्या पुढं गेला, तर तांबडी-करडी माळरानं, भणाणतं वारं आणि आभाळाकडं डोळे लावून बसलेला शेतकरी एवढंच दिसण्याची शक्यता जास्त.

तरीही म्हसवडला जाणारा माणूस वर्षभर असतोच. कुणी सिद्धनाथाच्या दर्शनाला, कुणी गोंदवल्याला आलेला पुढं सरकून, कुणी सोयरीक बघायला, कुणी मुंबईहून सुट्टीला आपल्याच घरी. प्रत्येकाचा प्रश्न तोच, कधी गेलेलं बरं? उत्तर महिन्यावर आहे, आणि महिना चुकला तर त्रास फक्त जाणाऱ्याला होत नाही, ज्याच्या दारात जाऊन उतरायचं त्यालाही होतो. तो त्रास कसला, ते पुढं येईलच.

गाव कुठं, तर साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत साधारण नव्वद किलोमीटर. पुढं तोच रस्ता पंढरपूरला जातो. तालुक्याचं ठिकाण दहिवडी असलं तरी मोठी बाजारपेठ म्हसवडची, नगरपालिकाही जुनी. रेल्वे गावाला नाही. रेल्वेनं येणाऱ्यानं कोरेगाव, सातारा किंवा पंढरपूर धरायचं आणि तिथून एसटी.

पाऊस इथं उशिरा का येतो?

हे एकदा नीट समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा खाली येताना तापते आणि कोरडी होते. माण, खटावचा पूर्व भाग, आटपाडी, जत, सांगोला, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा त्या डोंगराच्या आडोशाला पडला आहे. ढग दिसतात, वारं सुटतं, पण थेंब पडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेचे दरवाजे उघडल्याची बातमी मोबाईलवर येते, तेव्हा माणमधल्या कित्येक विहिरींचा तळ दिसत असतो.

इथला पाऊस दोन वेळा येतो. एकदा मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला वळीव, म्हणजे रोहिणी-मृगाचा. तो गडगडाट करत येतो, कधी गारा टाकतो, एखाद्या शिवारात ओढा वाहवतो आणि शेजारच्या गावात धूळही बसवत नाही. मग मधे मोठी उघडीप. आणि खरा भरवशाचा पाऊस उत्तरा आणि हस्त नक्षत्राचा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मान्सून परत फिरायला लागतो, दुपारी ऊन तापतं, बंगालच्या उपसागराकडून ओल येते आणि संध्याकाळी ढग फुटतात. जुनी माणसं हत्तीचा पाऊस म्हणतात तो हाच. शाळूची पेरणी, विहिरींचं पाणी आणि पुढचा उन्हाळा कसा जाणार, हे सगळं त्या तीन-चार आठवड्यांत ठरतं.

भाद्रपद-अश्विन : माळ बोलायला लागतो तो काळ

नुसतं फिरायला, डोळ्यांना बरं वाटावं म्हणून यायचं असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरअखेर हाच काळ. पाऊस साधला असेल तर माळावर गुडघाभर गवत होतं, तरवडाची पिवळी फुलं रस्त्याच्या दोन्ही कडेला दिसतात, बाजरीची कणसं भरलेली असतात. मटकी, हुलगा काढायला आलेला असतो. ओढ्याला वाहतं पाणी हे इथं रोजचं दृश्य नव्हे. त्यामुळं पहिल्यांदा पाणी आलं की पूल असेल तिथं माणसं नुसती बघायला उभी राहतात. बाहेरच्या माणसाला त्याचं हसू येईल. त्यानं एकदा मे महिन्यात तोच ओढा बघावा.

माणगंगा नदीचा उगम याच तालुक्यात, कुळकजाईजवळच्या सीतामाईच्या डोंगरात. तिथून मलवडी, आंधळी, दहिवडीकडून नदी म्हसवडला येते, पुढं आटपाडी, सांगोल्यातून जाऊन पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. वर्षातले बरेच महिने नदी म्हणजे वाळू आणि काटेरी झाडोरा. अश्विनात मात्र ती नदीसारखी दिसते.

याच दिवसांत तालुक्यातले किल्लेही बघून घ्यावेत. दहिवडीजवळचा महिमानगड आणि उत्तरेकडचा वारुगड, दोन्ही चढायला फार अवघड नाहीत आणि वरून पूर्वेकडं पाहिलं की हा मुलूख किती उघडा आहे ते कळतं. इतिहासाची आवड असणाऱ्यांना कारखेलचं नाव माहीत असेल. सेनापती संताजी घोरपडे यांचा १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या याच डोंगररांगेत शेवट झाला, आणि त्यात नाव येतं ते म्हसवडच्या नागोजी मान्यांचं. म्हसवडमध्ये माने घराण्याच्या खुणा आजही आहेत. हा विषय गावात चावडीवर काढताना जरा बेतानं काढावा.

आणखी एक गोष्ट या दिवसांत आवर्जून बघण्यासारखी आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली राज्यात पहिलं आलेलं टाकेवाडी हे गाव माण तालुक्यातलंच. उन्हाळ्यात उन्हातान्हात लोकांनी डोंगरउतारावर खोदलेल्या सलग समतल चरी मे महिन्यात बघितल्या तर नुसते खड्डे वाटतात. पाऊस पडून गेल्यावर त्या भरलेल्या बघितल्या की मग श्रमदानाचा अर्थ लागतो. आपल्या गावात असं काही करायचं मनात असेल त्यांनी तर हाच महिना धरावा, आणि सोबत ग्रामपंचायतीतली चार माणसं घेऊन यावं.

काळजी दोन गोष्टींची. एक म्हणजे कुसळं. गवत वाळायला लागलं की कुसळ पँटीत, साडीच्या काठात, मोज्यांत घुसतं आणि संध्याकाळपर्यंत टोचत राहतं. माळावर उतरायचं तर जाड कापड आणि बूट. दुसरी गोष्ट फुरसं. दगडाळ माळावर हा विषारी साप असतो, रंगानं मातीत मिसळतो. दगड उचकटायचा नाही, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि चावा झालाच तर मांत्रिकाकडं वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा.

दिवाळी पाडवा ते देवदिवाळी : नाथाचा महिना

म्हसवड बघायचं तर माळ, पण म्हसवडकर बघायचे तर हा महिना. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी हे इथलं दैवत. सातारा, सांगली, सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांत आणि त्यांच्या पलीकडंही नाथाला कुलदैवत मानणारी घरं आहेत. दिवाळी पाडव्याला घट बसतात, तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत देवाचं लग्न लागतं आणि बरोबर महिन्यानं, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, रथ निघतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि चांगभलंच्या गजरात रथ ओढला जातो. या एका दिवशी गावाची लोकसंख्या किती पटीनं वाढते ते मोजण्यात अर्थ नाही.

इथं लोकांची हमखास चूक होते ती तारखेची. गेल्या वर्षी अमुक तारखेला रथ होता म्हणून याही वर्षी त्याच सुमाराला असेल, असं धरून सुट्टी टाकतात. तिथी आणि इंग्रजी तारीख बरोबर चालत नाहीत. रथ कधी नोव्हेंबरच्या अखेरीला येतो, कधी डिसेंबरच्या मध्याला. अधिक महिना आला की फरक आणखी मोठा. भिंतीवरचं कॅलेंडर उघडून कार्तिकी अमावास्या शोधायची, तिच्या दुसऱ्या दिवशी रथ.

दर्शन शांतपणे घ्यायचं असेल तर मात्र रथाचा दिवस टाळलेलाच बरा. पाडव्यानंतरचे पहिले आठ दिवस आणि तुळशीच्या लग्नानंतरचा मधला काळ, या दिवसांत देवळात उत्सव असतो, पण रेटारेटी नसते. म्हाताऱ्या आई-वडिलांना आणायचं असेल, तान्हं लेकरू सोबत असेल तर तेव्हाच या. रथाच्या दिवशी गाड्या गावाबाहेरच थांबवल्या जातात आणि चालणं बरंच होतं. मोबाईलला रेंज असली तरी फोन लागेलच याचा भरवसा नसतो, म्हणून चुकामूक झाल्यास कुठं भेटायचं ते आधीच ठरवून ठेवावं. रात्री मुक्काम असेल तर पांघरूण घरूनच आणायचं. उघड्या माळाचं गाव आहे, दिवस मावळला की थंडी झटक्यात पडते.

पांघरुणावरून आठवण होते ती घोंगडीची. म्हसवडच्या घोंगड्यांचं नाव जुनं आहे. मेंढरं इथलीच, लोकर इथलीच, विणणारे हातही इथलेच. यात्रेत घोंगडी म्हणून जे काही विकायला असतं ते सगळं हातमागाचं असेलच असं नाही. हाताला खरखरीत लागतं, लोकरीचा वास येतो आणि किंमत ऐकून आधी जरा दचकायला होतं, ती बहुधा खरी. पटकन स्वस्तात मिळाली तर नीट उलटून बघावी.

याच महिन्यात गोंदवल्यालाही वर्दळ वाढते. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांची पुण्यतिथी मार्गशीर्ष वद्य दशमीला येते, म्हणजे रथानंतर साधारण पंचवीस दिवसांनी. तिकडं खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ आणि खिलार जनावरांचा बाजार त्याच्याच आसपास, मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमाराला. बैल बघण्याची हौस असलेल्यानं एकाच फेरीत गोंदवले आणि पुसेगाव दोन्ही साधावं. मात्र यात्रेच्या दिवसांत सातारा-पुसेगाव रस्त्यावर नेहमीच्या वेळेचा हिशेब चालत नाही, दोन तास जास्तीचे धरून निघावं.

या महिन्याची एक उलटी बाजूही आहे. दिवाळी झाली की धनगर मंडळी मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. काही ऊसपट्ट्यात, काही थेट घाट उतरून कोकणात. वाडे घोड्यांवर लादून निघतात ते पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे ज्यांना माणदेशातला धनगरवाडा बघायचा आहे, बनगरवाडी वाचून आलेले असे बरेच जण असतात, ते हिवाळ्यात येतात आणि वाडीवर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी दिसतात. वाडी भरलेली बघायची तर पाऊस सुरू झाल्यावर, दसऱ्याच्या आगेमागे यावं. तेव्हा ढोलावर गजीनृत्यही बघायला मिळण्याची शक्यता जास्त.

पौष-माघ : हुरडा, बोरं आणि पाहुणे पक्षी

जानेवारी हा खाणाऱ्यांचा महिना. शाळू हुरड्यात येतो, बोराटीची बोरं पिकतात, हरभऱ्याचे डहाळे रस्त्यावर मिळतात. दिवसभर ऊन सोसवतं, सकाळी शेकोटी लागते. पाहुण्याला ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं असं साधंच पण पोटभर मिळतं. अलीकडं काही ठिकाणी हुरडा पार्टीच्या नावाखाली तिकीट लावून डीजे वाजवतात. त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याला फोन करून त्याच्या बांधावर जावं, हुरड्याचे पैसे त्याच्या हातात द्यावेत. तो नको म्हणेल, तरी द्यावेत. एका कणसाचा हुरडा म्हणजे त्याच्या घरातली तेवढी ज्वारी कमी होणं आहे.

संक्रांतीला कुळकजाईच्या सीतामाई डोंगरावर वाणवसा घ्यायला बायकांची मोठी गर्दी होते. पुरुषांनी गाडी चालवायची आणि बाजूला थांबायचं, असा हा एकमेव दिवस.

म्हसवडच्या पूर्वेला सातारा-सांगलीच्या हद्दीवर राजेवाडीचा तलाव आहे. इंग्रजांच्या काळात, १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास या भागात जी तलावांची कामं निघाली, त्यातलाच हा एक. पाऊस बऱ्यापैकी झाला असेल तर थंडीत पाण्याच्या कडेला चक्रवाक, पट्टकदंब असे लांबून आलेले पक्षी उतरतात. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे तर खटाव तालुक्यातलं येरळवाडी आणि मायणीकडचा पट्टा जास्त ओळखला जातो. पक्षी उथळ पाण्यात उतरतात, त्यामुळं तलाव काठोकाठ भरलेला असेल तर उलट कमी दिसतात. पाणी जरा उतरलं, गाळ उघडा पडला की त्यांचं खाणं उघडं पडतं. म्हणून डिसेंबरपेक्षा जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी बरा. ड्रोन उडवू नये, जवळ जाऊन थवा उठवू नये. आणि तलावाच्या काठचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो. पोरांना सोडू नये.

चैत्र : शिंगणापूर

शिखर शिंगणापूर याच तालुक्यात. शंभू महादेवाची यात्रा चैत्र शुद्ध पक्षात, मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी येते. अष्टमीला शिवपार्वतीचं लग्न, आणि द्वादशीला मुंगी घाटातून कावडी चढवतात. पाण्यानं भरलेल्या जड कावडी माणसांच्या साखळ्या करून, दोर न लावता, कड्यावरून वर नेणं हा प्रकार सांगून कळण्यासारखा नाही. शेवटी येते ती सासवडकडची तेल्या भुत्याची मानाची कावड. ऊन कडक असतं, तरी हा एक सोहळा उन्हातच बघावा लागतो.

या डोंगरावर पाण्याचं दुर्भिक्ष आजचं नाही. यात्रेकरूंचे हाल बघून छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी इथं मोठं तळं बांधून घेतलं. चारशे वर्षांपूर्वी यात्रेचा पहिला विचार पाण्याचा झाला होता. यात्रेला येणाऱ्या आजच्या माणसानं निदान माणशी पाच लिटरचा कॅन गाडीत टाकावा. डोक्याला टॉवेल, सकाळी दहाच्या आत चढ पूर्ण, दुपारी बारा ते चार सावली. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत असू द्या. चक्कर, उलटी, घाम येणं बंद होणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. अशा माणसाला सावलीत घेऊन अंगावर ओला कपडा ठेवायचा आणि लगेच वैद्यकीय पथक गाठायचं.

चैत्रातच आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा आणि खिलार जनावरांचा बाजार भरतो. ज्यांना म्हसवडचा रथ चुकला ते तिकडं जातात.

मे महिना : इथं जरा थांबून विचार करा

आता तो सुरुवातीचा मुद्दा. म्हसवड आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर सगळ्यात जास्त पाहुणे येतात ते मे महिन्यात. शाळांना सुट्टी, लग्नसराई, गावची जत्रा, आणि मुंबई-पुण्यात किंवा गलाईच्या धंद्यानिमित्त परराज्यात गेलेली माणसं कुटुंबासह घरी येतात. येऊ नका असं कुणी कुणाला म्हणणार नाही. पण पाऊस संपून सात-आठ महिने झालेले असतात, विहिरी आटलेल्या असतात, पारा चाळीसच्या वर असतो, आणि ज्या वर्षी टँकर सुरू असतो त्या वर्षी हिशेब असा असतो:

टंचाईत ग्रामीण भागाला टँकरचं पाणी माणशी दिवसाला वीस लिटर या प्रमाणात धरलं जातं, आणि ते गावच्या नोंदलेल्या लोकसंख्येवर. पाच माणसांच्या घराला झाले शंभर लिटर. त्या घरात मुंबईहून आठ जण आले तर तेरा माणसांत तेच शंभर लिटर, म्हणजे माणशी आठ लिटरसुद्धा नाही. पाहुणा त्या हिशेबात कुठंच नसतो. शहरात पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात. तिथून आलेला माणूस सकाळी अंघोळीलाच दोन बादल्या, म्हणजे तीस-चाळीस लिटर संपवतो, आणि त्याला कुणी काही बोलत नाही. घरातली बाई मुकाट्यानं दुसऱ्या हंड्याला जाते किंवा नवरा खासगी टँकर मागवतो आणि पैसे उधार ठेवतो. पाहुणचारात कमी पडलो असं वाटू नये म्हणून हे सांगितलंही जात नाही.

म्हणून मे महिन्यात जायचंच असेल तर काही गोष्टी आधी कराव्यात. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून टँकर चालू आहे का, नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे सरळ विचारावं. लाजायचं कारण नाही, शेतकऱ्याला हा प्रश्न आवडतो. पिण्याचे वीस लिटरचे दोन-तीन जार गाडीतून न्यावेत. मुक्काम चारऐवजी दोन दिवस करावा. जास्त दिवस राहणार असाल तर खासगी टँकरचे पैसे जाण्याआधी यजमानाच्या घरात पोचवावेत. घरचं कार्य मागंपुढं करता येण्यासारखं असेल, वास्तुशांत, बारसं, गोंधळ यातलं काही, तर दिवाळीनंतर घ्यावं. दिवाळीची सुट्टी छोटी असते हे खरं, पण तेव्हा विहिरीला पाणी असतं, बाजरी घरात आलेली असते आणि देवाचा उत्सवही असतो.

व्यापाऱ्यांचं म्हणणं यावर वेगळं पडू शकतं. मेमधली लग्नं आणि जत्रा यावर मंडपवाला, कापडवाला, वाजंत्री, हॉटेलवाला यांचं वर्ष निघतं. तो पैसा खराच आहे. पण तोच पाहुणा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला तरी पैसा गावातच पडतो, आणि टँकरवर जात नाही.

साल दुष्काळी असेल तर

वर सांगितलेलं सगळं पाऊस बरा झाला असं धरून आहे. १९७२, २०१२-१३ किंवा २०१८-१९ सारखं साल पडलं की महिने कामाचे राहत नाहीत. अश्विनात गवत नसतं, राजेवाडीत पाणी नसतं, हुरडा नसतो. २०१२-१३ मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चारा छावणी सुरू केली, तेव्हा माणसं जनावरांसकट महिनोन्‌महिने छावणीतच राहत होती; २०१९ मध्येही छावण्यांची वेळ आली. अशा वर्षी निव्वळ फिरायला येण्यात हशील नाही. पावसाचा अंदाज घ्यायला सोपी खूण म्हणजे दसरा. दसऱ्यापर्यंत ओढे वाहिले असतील तर पुढचे चार-पाच महिने कधीही या. नसतील तर देवाचं दर्शन घेऊन त्याच दिवशी परत फिरलेलं बरं.

अलीकडं उरमोडीचं पाणी कालव्यानं माणमध्ये येतं, त्यामुळं काही गावांचं चित्र बदललं आहे. डाळिंबाच्या बागा, कांदा, काही ठिकाणी ऊससुद्धा दिसतो. कालव्याचं आवर्तन चालू असेल त्या आठवड्यात एखादं गाव हिरवं आणि दोन किलोमीटरवरचं पुढचं गाव कोरडं, असं दिसेल. पाणी पोचलेल्या गावावरून तालुक्याचा अंदाज करू नये.

जून ते ऑगस्टबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वारं जोरात असतं, धूळ उडते, पेरण्या झाल्या असतील तर माणसं कामात आणि झाल्या नसतील तर चिंतेत. आषाढीच्या आधी-नंतर पंढरपूरकडच्या रस्त्याला दिंड्या आणि गाड्यांची गर्दी असते, एसटीत जागा मिळत नाही. दुचाकीवरून येणाऱ्यांनी माळावरच्या आडव्या वाऱ्यात वेग कमी ठेवावा.

निघताना एवढं तपासा. रथासाठी येत असाल तर कार्तिकी अमावास्येची तारीख. बाजार बघायचा असेल तर आठवडे बाजाराचा वार म्हसवडमधल्या ओळखीच्या माणसाला विचारून, कारण यात्रेच्या दिवसांत त्यात बदल होऊ शकतो. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ म्हसवड स्थानकावर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारावी. साताऱ्याची गाडी चुकली तर दहिवडीपर्यंत येऊन तिथून पुढची मिळते का ते बघता येतं. आणि गाडीत पाण्याचा कॅन, महिना कुठलाही असो.